शिवेवर लावलेले ब्रेक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सांगताना मध्ये कोणी हसलं की मी पुढचं विसरतो. आणि एक अट आहे. शैला चहा घेऊन बाहेर आली की आपण केळीच्या भावावर बोलायला लागायचं. हा विषय तिच्यासमोर काढायचा नाही. कळलं?

तर नव्वद सालाच्या आगेमागेची गोष्ट. नक्की साल शैलाला माहीत आहे, पण तिला विचारायची माझी छाती नाही. लग्नानंतरची आमची ती पहिली आखाजी. आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात आणि सण झाला की नवरा त्यांना न्यायला जातो. जावयाला आंब्याचा रस, खापरावरचे मांडे, नवा टॉवेल, टोपी. सगळा थाट. मी रावेरचा, सासुरवाडी शिंदखेड्याच्या आत एका खेड्यात. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून जावं लागतं.

मला न्यायला जायचं होतं, आणि जीपमधूनच न्यायचं होतं. सगळं दुखणं त्या जीपचं.

जीप लष्कराच्या लिलावातली. तापीकाठच्या आमच्या केळीच्या बागेत पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतायचा, म्हणून घेतली असं मी वडिलांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मला हौस होती. मी तिच्या स्प्रिंगा उंच केल्या, ट्रॅक्टरला शोभतील असे खाचांचे टायर चढवले, पुढे जाड लोखंडी बंपर लावला. चिखल असो, नाला असो, सातपुड्यातली पायवाट असो, कुठेही चढायची. चढायची कुठेही, पण थांबायची मात्र तिच्या मनाने!

हे कळलं पौषात. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शेतात भरीत पार्टी ठेवली होती. परतताना आबा माझ्या शेजारी, शैला मागे भरिताचं पातेलं मांडीवर घेऊन. मी जरा जोरात होतो, नव्या जावयाचा रुबाब! आणि समोर आली शेळी.

मी ब्रेक दाबला. मागची चाकं जागच्या जागी जाम झाली, जीपचं शेपूट पुढे आलं आणि आम्ही गरकन फिरून, ज्या शेतातून आलो त्याच शेताकडे तोंड करून उभे राहिलो. शेळीला काही झालं नाही. ती चघळतच होती. आबांची टोपी मात्र चारीत, भरीत शैलाच्या साडीवर, आणि शैलाचा चेहरा पांढराफटक.

तो चेहरा मी विसरलो नाही. बाकी गोष्ट मी हसत सांगतो, पण तो चेहरा सांगताना हसू येत नाही.

आबांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, मन्ही पोर आते ह्या गाडीमा बठनार नही. एस्टीमा जाई."

एवढं बोलून ते पायी निघाले. शैलाही त्यांच्यामागे गेली. मी त्या शेळीबरोबर एकटा उरलो.

आता बघा, शेतकऱ्याच्या घरचा जावई, स्वतःची गाडी दारात, आणि बायकोला एस्टीच्या धक्क्यांवर न्यायची? लोक काय म्हणतील ते सोडा, पण आबांच्या त्या एका वाक्यात 'तुमच्या हातात पोर दिली खरी' असं काहीतरी होतं. ते मला खात होतं. शैलाने माझ्या जीपमध्ये बसावं आणि आबांनी तिला स्वतः हात देऊन बसवावं, एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे कोणीच विश्वास ठेवला नाही.

उपाय सापडला मस्कतहून. माझा वर्गमित्र वसंता तिकडे गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याला कळवलं, तर सुट्टीवर येताना पितळेचा एक मुठीएवढा तुकडा घेऊन आला. वर गोल गुंडी. म्हणाला, "प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. याने मागच्या चाकांचा ब्रेक कमीजास्त करता येतो."

मी केळीवाला. मला एका मिनिटात कळलं. बागेत एकाच पंपाचं पाणी दोन वाफ्यांना जातं आणि मागच्या वाफ्यात तुंबतं, तेव्हा आपण काय करतो? मागचा कॉक जरा आवळतो. तसंच हे! जोरात ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, मागची बाजू हलकी होते, आणि हलकी चाकं आधी जाम होतात. म्हणून मागच्या पाइपात हा कॉक. गुंडी बाहेर काढली की मागचा जोर कमी, आत फिरवली की जास्त.

"पण किती?" मी विचारलं.

"ते प्रत्येक गाडीचं वेगळं," वसंता म्हणाला. "मोकळा रस्ता बघ. वेग घे, ब्रेक मार, खाली उतर, चाकांच्या खुणा बघ. मागची आधी घसरली तर गुंडी थोडी बाहेर. फारच कमी लागला तर आत. परत मागे जा, परत पळव. दमेपर्यंत करायचं."

वसंता मस्कतला परत गेला आणि मी आखाजीनंतर धुळ्याला, खलीलभाईंच्या गॅरेजात जीप घातली. पाइप कापला. व्हॉल्व्हचे आटे आपल्या पाइपाला बसेनात, म्हणून लेथवर जोड करून आणला. व्हॉल्व्ह मला डॅशबोर्डवर हवा होता, विमानासारखा! पण पाइप पुरेना, मग तो गेला खाली, चासीला, माझ्या सीटच्या बरोबर तळाशी. म्हणजे गुंडी फिरवायची तर जमिनीवर आडवं होऊन गाडीखाली डोकं घालायचं. नंतर ब्रेकच्या पाइपातली हवा काढणं. मी वर पेडलवर, खलीलभाई खाली. "दाबो… पकडके रखो… छोडो!" माझी पिंढरी भरून आली. तरी एका जोडातून तेलाचा थेंब येतच होता. पुसला की परत यायचा. त्या थेंबाने माझी झोप उडवली.

इथे मी पहिला मूर्खपणा केला. गॅरेजसमोर शैलाच्या गावचा एक माणूस भेटला, बाजाराला आलेला. त्याला मी छाती काढून सांगितलं, "आबांना निरोप द्या. उद्या येतोय. जीपचे ब्रेक आता एकदम पक्के आहेत म्हणावं!"

पक्के! अहो, अजून एकदासुद्धा पळवून बघितली नव्हती!

दुसऱ्या दिवशी निघालो. धुळ्याच्या बाहेर ट्रकांची रांग, तिथे ब्रेक मारून बघायची सोय नाही. शिंदखेड्यात बाजाराची गर्दी. पुढचा रस्ता खडीचा. माझा जीव खालीवर व्हायला लागला. गाव जवळ येत होतं आणि गुंडी अजून अंदाजाने फिरवलेलीच. मनात एकच, शैला शेजारी बसलेली आहे आणि शेपूट पुढे येतंय.

गावाआधी शेवटचा फाटा लागला, आणि मला रस्ता सापडला. फाट्यापासून गावाच्या शिवेपर्यंत सरळसोट, सपाट, पिठासारखी धूळ. दोन्ही बाजूला नांगरलेली रानं. वैशाखातली दुपार, ऊन असं की पाखरूसुद्धा नाही. शिवेवर एक शेंदूर लावलेला दगड. म्हटलं, हीच जागा. फाट्यावरून सुटायचं, दगडाशी ब्रेक मारायचा, खुणा बघायच्या. सगळा गाव जेवून झोपलेला असणार, कोण बघतंय?

कोण बघतंय! शिवेच्या आत दोन मोठी निंबाची झाडं होती आणि त्या झाडांना आखाजीचे झोके. आणि झोक्यांवर गावातल्या सगळ्या पोरी, शैलाची धाकटी बहीण पुष्पा धरून. खालून त्यांना झाडांभोवतीच्या कुंपणापलीकडचं काही दिसत नव्हतं. पण झोका वर गेला की मी दिसायचो, खाली आला की दिसेनासा व्हायचो. त्यामुळे माझी कहाणी गावाला तुकड्यातुकड्याने कळली, आणि मधल्या जागा पोरींनी आपल्या मनाने भरल्या.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्या रावेरकडे जावई रुसतो तो घरात येऊन, ताटावर. जेवायला बसायचं आणि घासाला हात लावायचा नाही. मग सासरा विचारतो, "काय झालं?" आणि घड्याळ नाहीतर सायकल मिळते. पण शैलाच्या गावची रीत वेगळी. तिथे रुसलेला जावई शीव ओलांडत नाही! शिवेपर्यंत येतो, थांबतो आणि पाठ फिरवतो. जितक्या वेळा पाठ फिरवेल तितकं त्याच्या मनातलं मागणं मोठं. हे मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं. सांगतील कशाला? जावयाला असली युक्ती कोण शिकवतं?

मी पहिली धाव घेतली. तिसऱ्या गिअरवर आलो, दगड जवळ आला, ब्रेक मारला. मागची चाकं जाम! जीप तिरकी होऊन धुळीत थांबली. खाली उतरलो, उकिडवा बसून खुणा बघितल्या, नकारार्थी मान हलवली, जमिनीवर आडवा होऊन गुंडी फिरवली, उठलो, वळलो आणि फाट्याकडे गेलो.

"शैलाताईना नवरा उना!" झोक्यावरून आरोळी गेली. दुसऱ्या हेलकाव्याला, "खाले लोळी ऱ्हायना!" आणि तिसऱ्याला, "वं माय! फिरी गया!"

मला काय ठाऊक? मी दुसऱ्या धावेच्या तयारीत. या वेळी गाडी तिरकी झाली, पण कमी. आशा वाटली. तरी तो जोड बघितला तर तेलाचा थेंब आहेच. रागाने टायरला लाथ मारली. तोवर धुळीचा लोट डोळ्यांत गेला. रुमाल काढून डोळे चोळले, नाक शिंकरलं आणि परत वळलो.

"तो रडी ऱ्हायना!"

आता तुम्हीच सांगा, जावई शिवेवर येऊन जमिनीवर लोळतो, टायरला लाथ मारतो, रडतो आणि पाठ फिरवतो. दोनदा! गाव झोपेल का? घरात सासूबाई मांडे करत होत्या. त्यांचा मांडा खापरावर करपला म्हणे. शैला दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ते असे नाहीत." पण पुष्पा धापा टाकत आली आणि रडण्याचं वर्णन केलं, तेव्हा शैला दारातून आत गेली.

तिसऱ्यांदा शिवेवर पोचतो तर समोर दगाकाका उभे, शैलाचे चुलते. हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. मी कसाबसा ब्रेक मारला. काकांपासून जेमतेम दोन हातांवर थांबलो.

"जवाईबापू, पानी प्या," काका म्हणाले. आवाज अगदी मऊ. "काय व्हयनं?"

"काही नाही, काका."

"आम्हनं काई चुकनं व्हई तं सांगा."

"छे, छे! काही नाही!"

काय सांगणार? ब्रेक पक्के आहेत असा निरोप कालच गेलेला. आता काकांना सांगू, की तुमच्या पायांवर गाडी येता येता राहिली? मी पाणी प्यालो, घाम पुसला आणि परत म्हणालो, "खरंच काही नाही. तुम्ही व्हा पुढे. मी येतोच."

रुसलेला माणूस दुसरं काय म्हणतो हो? 'काही नाही'च म्हणतो! आणि तोंड असं, की घरात काही अघटित घडलंय. काका मान डोलवत गेले. मी वळलो, चौथ्या धावेसाठी.

गुंडी आता थोडी जास्तच बाहेर निघाली. पुढची चाकं घसरली, गाडी सरळ राहिली, पण थांबायला फार लांब गेली. शिवेचा दगड मागे राहिला. म्हणजे मी शीव ओलांडली! झोक्यांवर आनंदाची किंकाळी फुटली. मी मागे बघितलं, कपाळाला हात लावला आणि जीप मागे घेऊन परत शिवेच्या बाहेर नेली.

एकदा आत येऊन परत बाहेर जाणं! असं त्या गावात आधी कोणी केलं नव्हतं. पारावर म्हातारे उठून बसले.

दगाकाका पुन्हा आले. आता त्यांच्याबरोबर नारळ, टॉवेल-टोपी आणि लाल कागदात गुंडाळलेली सोन्याची अंगठी. मला वाटलं, केवढी ही माणसं! पहिल्या आखाजीला जावयाचा मान शिवेवरच करतात. मला भरून आलं. पण दोन्ही हात ब्रेक ऑइलने आणि धुळीने काळे. तसल्या हातात अंगठी घेऊ? मी म्हणालो, "असू द्या, काका. इथेच ठेवा." आणि बॉनेटकडे बोट दाखवलं.

काकांनी अंगठी बॉनेटवर ठेवली. मी ती बघेन म्हणून जरा थांबले. माझं लक्ष कुठे होतं? मी गाडीखाली. गुंडी अर्धा आटा आत फिरवली आणि मला वाटलं, आता जमणार! आता नक्की जमणार! त्याच उत्साहात उठलो, गाडीत बसलो, गर्रकन वळलो आणि सुटलो.

अंगठी बॉनेटवरून धुळीत गेली.

"अंगठी फेकी दिनी!" ही आरोळी मला फाट्यापर्यंत ऐकू आली. शब्द कळले नाहीत. वाटलं, पोरी आखाजीचं गाणं म्हणताहेत.

फाट्यावर मी क्षणभर थांबलो. देवाचं नाव घेतलं, शैलाचा तो पांढरा चेहरा आठवला आणि मनाशी म्हटलं, हे नाही जमलं तर जीप इथेच सोडायची आणि तिच्याबरोबर मुकाट एस्टीत बसायचं. हे मी खरंच ठरवलं होतं, शपथेवर सांगतो. मग वेग घेतला आणि दगडाशी आल्यावर पाय पूर्ण दाबला.

काय सांगू तो आनंद! चारही चाकं एकसारखी धरली. जीप रेघ ओढल्यासारखी सरळ येऊन दगडाच्या शेजारी थांबली. शेपूट हललंसुद्धा नाही. मी सीटवर उभा राहून ओरडलो, "जमलं! जमलं!"

धूळ खाली बसली आणि समोर सगळा गाव उभा.

मधोमध आबा. धोतर, पांढरा सदरा, तीच टोपी. मागे सासूबाई पदर डोळ्यांना लावून. बाजूला शैला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता येईना. दगाकाका आणि पोरी रस्त्यावर वाकून धुळीत अंगठी शोधत होते. शेवटी ती माझ्याच टायरच्या खाचेत रुतलेली सापडली. ती पुष्पाने काढली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी नजर खाली घातली.

आबा पुढे आले. हात जोडले. सासऱ्याने जावयापुढे हात जोडले!

"जवाईबापू, बठ्ठा गाव दखी ऱ्हायना. आते रुसवा सोडा. पुष्पाना लगीनसाठे लोखंडी कपाट आनेल शे, आरसावालं. ते तुम्हले देसूत. चाला घर."

आत्ता, आत्ता माझ्या डोक्यात प्रकाश पडला! लोळणं, रडणं, पाठ फिरवणं, अंगठी, सगळं एकदम समोर आलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आबा! अहो आबा, मला काही नको! मी रुसलो नाही! मी ब्रेक बघत होतो!"

गर्दीत हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, "आते ब्रेकनं नाव सांगस!"

आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "ब्रेक? ब्रेक पक्का शेतस, आसा निरोप तुम्हनाच व्हता ना?"

"हो, पण…"

"पक्का शेतस का नही?"

बघा, काय पेच! खरं सांगावं, की काल मी थाप मारली आणि आज काकांचे पाय जाता जाता राहिले, तर पोर जीपमध्ये बसणार नाही. आजच नाही, कधीच नाही. आणि पक्के म्हणावं, तर मग मी या उन्हात शिवेवर लोळत काय करत होतो? रुसलोच होतो! सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. शैलाही बघत होती. ती अगदी हळू म्हणाली, "खरं सांगा."

आणि मी, मंडळी, मी काय केलं असेल?

मी म्हणालो, "ब्रेक पक्के आहेत, आबा. मी… मी रुसलो होतो."

मला वाटलं, किती हुशारीचं बोललो! नाव जाईल जरा, पण बायको शेजारी बसेल. आबांचा चेहरा उजळला. रुसलेला जावई त्यांना समजत होता, समजूत काढता येत होती. बिनब्रेकचा जावई समजत नव्हता. त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आते तरी हासा!" मी हसलो. रस-मांडे जेवलो. ताट स्वच्छ केलं, कारण आता ताटावर थांबलो असतो तर आणखी काहीतरी मिळालं असतं.

जेवण झाल्यावर चौघांनी कपाट उचलून जीपमध्ये चढवलं. आडवं मावेना, म्हणून मागे उभंच करून दोरखंडाने आवळलं, आरसा पुढच्या बाजूला. मी किती वेळा नको म्हटलं! पण शिवेवर दिलेला शब्द मागे घेतला तर गावाची अब्रू जाते म्हणे. पुढे महिनाभराने मी ते कपाट पुष्पाच्या सासरी पोचवलं ते वेगळं, पण त्या दिवशी ते माझ्या मानेवर बसलं.

मग आबा स्वतः जीपजवळ आले. पुढचं दार उघडलं आणि शैलाला म्हणाले, "बठ, बेटा. ब्रेक पक्का शेतस." हात पुढे केला. ज्यासाठी मी मस्कतपासून धुळ्यापर्यंत आटापिटा केला होता, तोच हात!

शैला पिशवी घेऊन उभी. ती आबांकडे बघून म्हणाली, "आबा, मी एस्टीमा जासू."

"काबरं?" आबांना कळेना. मलाही कळेना.

ती माझ्याजवळ आली. आवाज खालीच होता, पण मला तो गावभर गेल्यासारखा वाटला. "मला गाडीची भीती नाही वाटत हो. पौषातसुद्धा मी आबा उतरले म्हणून उतरले. पण माझ्या बहिणीच्या लग्नाचं कपाट ज्यांना रडून घ्यावंसं वाटतं, त्यांनी कपाटच शेजारी बसवावं."

"अगं, पण मी खरंच ब्रेक…"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं ना?"

मी कपाटाचा दोरखंड उगाच आवळत राहिलो.

शिंदखेड्याची एस्टी फाट्यावर आली. शैला खिडकीत बसली आणि तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी एस्टीच्या मागे जीप लावली. मागे वजन आलेलं, त्यामुळे गुंडीचं गणित बदललं. फाट्यावरच परत आडवा होऊन ती आत फिरवावी लागली. त्यानंतर मात्र ब्रेक असे लागले म्हणता! धुळ्याला थांबलो, सरळ. पारोळ्याला थांबलो, सरळ. एस्टी जिथे जिथे थांबली तिथे तिथे मी तिच्यामागे रेघेत थांबलो. बघायला कोणी नव्हतं.

ब्रेक मारला की सवयीने मागे नजर जायची, शेपूट हललं का बघायला. मागे कपाटाचा आरसा. त्यात नव्या टोपीतला, ओठ काढून बसलेला एक जावई दिसायचा. त्या दिवशी पहिल्यांदाच मी खराखुरा रुसलो होतो, आणि रावेरपर्यंत एका माणसाने विचारलं नाही, "काय झालं?"